गाडी पाणी खातेय पण जातंय कुठे? जुन्या ट्रकच्या इंजिनात कूलंट शिरतंय का ते शोधायची पद्धत

रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतंय, खाली जमिनीवर थेंब नाही, होज कोरडे, वॉटर पंपाखाली कोरडं, मग पाणी जातंय कुठे? जुनी गाडी घेतली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि गॅरेजला गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "हेड खोलावं लागेल शेठ". हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग. खोलावं लागेलही, नाही असं नाही, पण ते शेवटी. हेडच्या आधी दोन वस्तू, ब्रेकचा एअर कंप्रेसर आणि ऑइल कूलर, अशा आहेत की ज्या बिघडल्या तर लक्षणं डिट्टो हेड गॅस्केटसारखीच दिसतात आणि खर्च मात्र त्या मानानं किरकोळ. त्या तपासल्याशिवाय हेडला पाना लावू द्यायचा नाही, एवढं एक धरून ठेवा.

मी लिहितोय ते माझ्याकडच्या टाटा एलपीटी १६१३ वरून, कमिन्सचं सिक्स बीटी इंजिन, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) १०२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२० एमएम, सगळं मेकॅनिकल, सेन्सर-बिन्सर काही नाही. हेच इंजिन २५१५ मध्ये पण आहे. टाटाचं ६९७ किंवा लेलँडची जुनी इंजिनं असतील तर पार्टच्या जागा बदलतील, पण शोधायचा क्रम हाच.

आधी हे जमवा

- रेडिएटर प्रेशर टेस्टर (हातपंप आणि मीटरवाला, तुमच्या कॅपच्या साइजचा अडॅप्टर बघून घ्या, ट्रकचं तोंड कारपेक्षा वेगळं असतं)
- चांगली टॉर्च, चाकाला लावायला ओंडके
- मापाचा जग आणि दोन पारदर्शक बाटल्या
- रंगीत कूलंट (रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी भरतात ते), हिरवं किंवा लाल कुठलंही, पण रंग पाहिजे
- वही-पेन, हसू नका, खरंच लागते
- इंजिनच्या प्लेटचा फोटो. कमिन्सच्या प्लेटवर इंजिन सिरीयल नंबर आणि सीपीएल नंबर (इंजिनात कुठले पार्ट बसलेत त्या यादीचा) असतो, पार्टवाल्याला हे दोन सांगितले की बरोबर गॅस्केट मिळतं, नुसतं "१६१३ चं द्या" म्हणाल तर तो त्याला वाटेल ते देणार
- आधीच्या मालकाकडची बिलं मिळाली तर सोन्याहून पिवळं. हेड आधी कधी उतरलंय का, फेसिंग (मशीनवर कापून सपाट करणं) झालंय का, हे त्यात कळतं

रंगीत कूलंट का म्हणतोय तर आपल्याकडच्या निम्म्या जुन्या गाड्या साध्या बोअरवेलच्या पाण्यावर चालतात. साध्या पाण्याला ना रंग ना वास, मग ते ऑइलमध्ये आहे की एअर टँकमध्ये हे ओळखणार कसं? पहिल्याच दिवशी पाणी काढून टाका आणि कूलंट भरा. गळती थांबणार नाही पण दिसायला लागेल.

आणि एक, रेडिएटरमध्ये कुणीतरी हळद टाकलेली असेल तर आधी सिस्टिम नीट धुऊन घ्या. रस्त्यात रेडिएटर फुटला तर डेपोपर्यंत पोचायला ड्रायव्हर लोक हळद टाकतात, त्या वेळेपुरतं चालतंही, पण नंतर तो गाळ ऑइल कूलरच्या आणि रेडिएटरच्या बारीक वाटांमध्ये बसतो आणि गळती अर्धवट बंद करून ठेवतो, मग कुठलीच टेस्ट खरं बोलत नाही. बाजारातल्या लीक स्टॉप पावडरीचं पण तेच.

१. पाणी खरंच आत जातंय का ते ठरवा

गाडी सपाट जागी, इंजिन गार, रेडिएटर काठोकाठ भरा. कॅप गरम इंजिनवर उघडायची नाही, कितीही घाई असली तरी, तोंडावर उकळतं पाणी येतं.

मग रोज सकाळी किती पाणी लागलं ते जगानं मोजून वहीत लिहायचं, सोबत किलोमीटर, गाडी भरलेली होती की रिकामी, घाट चढली का. आठवडाभरात चित्र दिसायला लागतं. रिकाम्या गाडीला काही लागत नाही आणि माल भरून घाट चढला की लागतं, असं असेल तर संशय जळत्या गॅसकडे, म्हणजे हेड गॅस्केट किंवा क्रॅक. गाडी नुसती उभी राहिली तरी कमी होतं असं असेल तर तो गळतीचा वेगळा प्रकार.

त्याच वेळी बाहेरच्या सगळ्या जागा बघा, वॉटर पंपाचं खालचं भोक, होजचे क्लिप, केबिनमधला हीटर असेल तर तो, आणि रेडिएटर कॅप स्वतः. कॅपचं रबर कडक झालं की गरम इंजिनचं पाणी ओव्हरफ्लो पाइपातून चालत्या गाडीत उडून जातं आणि उभ्या गाडीखाली कोरडंच दिसतं. कॅपवर जेवढं प्रेशर छापलंय तेवढं ती धरते का हे टेस्टरवरच कळतं. कॅप बदलून प्रश्न मिटला तर पुढचं वाचायची गरज नाही.

२. ऑइल बघा, पण झाकण बघून घाबरू नका

पाणी बाहेर जात नसेल तर आत वाटा दोनच, सिलिंडरमध्ये जाऊन सायलेन्सरमधून वाफ होऊन जातंय किंवा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइलला मिळतंय. (कंप्रेसरमधून एअर टँकमध्ये ही तिसरी आडवाट, ती पुढे.)

डिपस्टिक काढा. लेव्हल वाढलीय का? ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का? झालं असेल तर गाडी तिथंच उभी, स्टार्टर मारायचा नाही, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगचं वाटोळं करतं.

इथं फसायच्या दोन जागा. एक, पावसाळ्यात गाडी कमी अंतर चालत असेल तर ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. ती नुसती दमट हवेची वाफ, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर साय पुसून टाका आणि गाडी एकदा चांगली लांब पळवा. दोन, लेव्हल वाढलीय पण ऑइल दुधाळ नाही, उलट पातळ झालंय आणि डिझेलचा वास मारतंय, तर ते पाणी नाहीच, फीड पंप नाहीतर इंजेक्शन पंपातून डिझेल चेंबरमध्ये येतंय. ते दुखणं वेगळं.

ऑइल दिसायला बरं आहे पण शंका आहे, तर रात्रभर गाडी उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी हळू हळू सैल करा, पूर्ण काढू नका, पहिले काही थेंब बाटलीत घ्या. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं, त्यामुळे पहिल्यांदा तेच येतं. हिरवा थेंब आला की झालं, पुरावा हातात.

थोडंसंच पाणी असेल तर तेही सापडतं, जुन्या चमच्यात ऑइलचे दोन थेंब घेऊन खालून तापवा, पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर गप धूर निघतो. आणि पैसे टाकायची तयारी असेल तर ऑइलचा नमुना लॅबला द्या. इंजिनच्या उष्णतेनं पाणी उडून गेलं तरी कूलंटमधलं सोडियम, पोटॅशियम ऑइलमध्ये मागे राहतं आणि रिपोर्टमध्ये दिसतं. दोन-चार गाड्या असलेल्यांनी हे करावंच असं माझं मत आहे.

३. धूर आणि सेल्फ

सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर. डोळ्याला झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे बघा. झोंबत नाही, गोडसर वास आहे आणि इंजिन तापल्यावरही ढग थांबत नाही, तर कूलंट जळतंय.

सगळ्यात धोक्याचं लक्षण म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर "ठक" करून अडकते. बॅटरी उतरली असं समजून लोक दुसरी बॅटरी लावतात, धक्का मारतात. थांबा! सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग हेड गॅस्केटचं काम हाफ इंजिनवर, म्हणजे अर्धं इंजिन खोलण्यावर, जातं. इंजेक्टर काढा आणि इंजिन हातानं फिरवा, सिक्स बीटीला फ्लायव्हील हाउसिंगमधून फिरवायचं बॅरिंग टूल मिळतं. ज्या भोकातून पाण्याची पिचकारी येईल तो सिलिंडर लिहून ठेवा. भोकावर तोंड नेऊन वाकून बघत बसू नका.

४. रेडिएटरमधले बुडबुडे

गार इंजिन, रेडिएटर काठोकाठ, फॅन बेल्ट काढून टाका. बेल्ट काढल्यावर वॉटर पंप फिरत नाही, पाणी ढवळत नाही, त्यामुळे जो बुडबुडा दिसेल तो खरा. इंजिन चालू करून एक-दोन मिनिटंच बघायचं, जास्त नाही, पाणी फिरत नाहीये हे विसरू नका. मिस्त्री थोडी रेस देईल, तुम्ही वरून टॉर्च मारा.

सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे सोडून द्या, अडकलेली हवा असते. सारखी माळ लागली, रेस दिल्यावर वाढली, तर कुठूनतरी हवा पाण्यात घुसतेय. कुठून, हे अजून कळलेलं नाही! इथंच ९० टक्के लोक "बघा, हेड गेलं" म्हणून मोकळे होतात.

निळं पाणी घातलेला तो टेस्टर येतो ना, रेडिएटरच्या तोंडावर धरून रंग बदलला की गॅस आहे असं सांगणारा, तो डिझेलवर जरा सांभाळून वापरा. तो कार्बन डायऑक्साइड ओळखतो, आणि आयडलिंगला डिझेल इंजिन भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे गॅसमध्ये त्याचं प्रमाण कमी असतं. रंग बदलला तर खात्री, नाही बदलला म्हणून हेड पास असं नाही.

५. एअर कंप्रेसर बाजूला काढा

पहिली वस्तू ही. ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर पुढच्या गियरवर चालतो, त्याला ऑइल इंजिनचं आणि त्याचं हेड थंड ठेवायला पाणी पण इंजिनचंच. म्हणजे त्याचं छोटंसं हेड गॅस्केट गेलं की तो हवा पाण्यात ढकलतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी ओव्हरफ्लोनं बाहेर, गाडी गरम. हुबेहूब हेड गॅस्केट. आणि इंजिन बंद झालं की उलटं, पाणी कंप्रेसरच्या बोअरमध्ये उतरतं, तिथून रिंगांवरून खाली चेंबरमध्ये. ऑइल दुधाळ!

तपासायचं असं. चाकांना ओंडके लावा. एअर टँक रिकामे असताना मघाचीच बुडबुड्यांची टेस्ट करायची, पण कंप्रेसरचा डिलिव्हरी पाइप सोडून, म्हणजे त्याच्यावर हवेचा दाबच राहणार नाही. (पाइप गार असतानाच सोडा, चालत्या गाडीत तो जबरदस्त तापतो.) पाइप जोडलेला असताना बुडबुडे आणि सोडल्यावर बंद, तर चोर सापडला, हेडला हात लावायची गरज नाही.

पाइप सोडलाच आहे तर आत बोट घालून बघा. काळा कार्बन आणि थोडं ऑइल हे जुन्या गाडीत चालायचंच, पण हिरवट ओल किंवा चिकट गोड वास असेल तर नाही चालायचं. एअर टँकचा ड्रेन पण उघडा, तिथं थोडं पाणी रोजच निघतं, ते हवेतलं, रंगीत निघालं तर कंप्रेसर. ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये कूलंट जाणं ही साधी गोष्ट नाही, अशी गाडी घाटात घालू नका.

६. ऑइल कूलर

दुसरी वस्तू. सिक्स बीटीचा कूलर टर्बोच्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या हेडमागे ब्लॉकमध्येच बसवलेला असतो, प्लेटांच्या आतून ऑइल आणि बाहेरून पाणी.

याची खूण ओळखायची तर दाबाचा हिशोब समजून घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्याच्या कितीतरी वर, म्हणून प्लेटला भोक पडलं की ऑइल पाण्यात जातं, रेडिएटर उघडला की वर काळी-तपकिरी साय. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर लगेच शून्य पण गरम पाण्याचं प्रेशर कॅपमुळे बराच वेळ टिकतं, मग पाणी ऑइलमध्ये. दोन्हीकडे भेसळ, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरला वाफ नाही, पिकअप व्यवस्थित, असं असेल तर मी तर डोळे झाकून आधी कूलर काढेन. हेड गॅस्केटनंही दोन्हीकडे भेसळ होऊ शकते, पण बहुतेक वेळा सोबत बुडबुडे नाहीतर धूर असतोच.

कूलर काढायला कूलंट उतरवा, फिल्टर काढा, कव्हरचे बोल्ट खोला, एलिमेंट (तोच प्लेटांचा गठ्ठा) बाहेर. हे काम हेडच्या मानानं काहीच नाही. लेथवाल्याकडून एलिमेंटची तोंडं बंद करून आत साडेचार-पाच किलो दाबाची हवा भरायची आणि पाण्याच्या टबात बुडवायचं. गरम पाण्यात बुडवलंत तर अजून बरं, बारीक चीर तापल्यावरच उघडते. बुडबुडा आला की एलिमेंट भंगारात, वेल्डिंग-ब्रेझिंगच्या नादाला लागू नका.

नवीन एलिमेंट आणलं की त्याच्या तोंडातली पॅकिंगची बुचं काढायला विसरू नका. तशीच बसवली तर ऑइल कूलरमधून जाणारच नाही. गॅस्केट दोन्ही नवीन टाका, आतलं आणि कव्हरचं.

७. प्रेशर टेस्ट आणि चेंबर

कंप्रेसर पास, कूलर पास, आता मोठं काम. आधी ऑइल काढून टाका. चेंबर खोलता आला तर उत्तमच, नाहीतर ड्रेन बोल्ट काढून खाली स्वच्छ ट्रे ठेवा. रेडिएटरवर टेस्टर लावून कॅपवर छापलंय तेवढंच प्रेशर द्या, त्यापेक्षा जास्त देऊन जुना रेडिएटर फोडू नका. अर्धा तास तरी थांबा, जमलं तर रात्रभर, मधे मधे पंप मारत.

चेंबर खोललेला असेल तर खालून टॉर्च मारून थेंब कुठून येतोय ते बघायचं. एखाद्या सिलिंडरच्या बोअरमधून पिस्टनच्या कडेनं येत असेल तर त्या सिलिंडरचं हेड गॅस्केट, हेडचा क्रॅक किंवा बोअरला भोक. टॅपेटच्या, पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) बाजूनं येत असेल तर हेडच्या वरच्या भागातून उतरतंय, टॅपेट कव्हर काढून वर पण बघा. सिक्स बीटीला लायनर नाहीत, बोअर ब्लॉकमध्येच कापलेला आहे. तुमच्या इंजिनला वेट लायनर असतील, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी, तर लायनरच्या खालच्या ओ-रिंगा बघा, जुन्या गाडीत त्याच आधी कडक होतात आणि थेंब लायनरच्या बाहेरच्या कडेनं येतो, पिस्टनकडून नाही. हा फरक नीट बघून घ्या, कारण ओ-रिंग गेली असेल तर नुसतं हेड गॅस्केट बदलून काहीही होणार नाही.

८. आता हेड

सहा सिलिंडरला एकच लांब हेड, बिडाचं, भरपूर जड, एकट्यानं उचलायचा शहाणपणा नको, चेन-पुली पाहिजे. उतरवायच्या आधी मिस्त्रीला सांगा, पुशरॉड ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पुठ्ठ्यात खोचून ठेव.

हेड उतरलं की तुम्ही तिथं हजर पाहिजे, बाकीच्या दिवशी नसलात तरी चालेल. जुनं गॅस्केट फेकू देऊ नका. त्याच्या कोणत्या रिंगेशेजारी काळा पट्टा पाण्याच्या भोकापर्यंत गेलाय ते बघा. पिस्टनचं डोकं बघा, पाच काळे आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी त्याच्यात जात होतं. गॅस्केट सगळीकडून चांगलं दिसतंय तर नवीन गॅस्केट टाकून बंद करायला निघालेल्या मिस्त्रीला थांबवा, कारण अजून सापडलेलं नाही.

हेड मशीन शॉपला पाठवून प्रेशर टेस्ट करून घ्या, पाण्याची भोकं बंद करून, हवा भरून, गरम पाण्यात. क्रॅक बहुतेक दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधे असतो. फेसिंग लागलं तर मशीनवरच, हातानं पॉलिश पेपर घासून नाही. आणि किती कापलं ते बिलावर लिहून घ्या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग पण पट्टी आणि फीलर गेज लावून बघा, लोक हेडचं करतात आणि ब्लॉक विसरतात.

बोअरमध्ये नख फिरवून बारीक भोकं शोधा. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात बोअरच्या पाण्याकडच्या बाजूला बारीक बुडबुडे फुटून फुटून धातू खाल्ला जातो आणि एक दिवस आरपार टाचणीएवढं भोक पडतं. चांगल्या कूलंटमधलं केमिकल हेच थांबवायला असतं. भोक सापडलं तर तो बोअर कापून स्लीव्ह बसवतात, ब्लॉक बदलायची वेळ येतेच असं नाही.

बोल्ट घट्ट करताना टॉर्क रेंच आणि मॅन्युअलमधला क्रम. "अंदाजानं बरोबर होतंय" म्हणणारा मिस्त्री कितीही जुना असला तरी नको.

९. काम झाल्यावर

चेंबरमध्ये कूलंट गेलं होतं तर खालच्या बेअरिंगच्या दोन-तीन कॅप खोलून शेल (बेअरिंगच्या आतल्या पातळ वाट्या) बघाच. काळे पडलेत, तांबं दिसतंय, तर सगळेच बदला, आत्ता चेंबर खालीच आहे. नवीन फिल्टर आणि स्वस्तातलं ऑइल घालून इंजिन थोडा वेळ नुसतं आयडलिंगला चालवा, ते काढून टाका, मग परत नवीन फिल्टर आणि चांगलं ऑइल.

पाण्यात ऑइल गेलं असेल तर कूलिंग सिस्टिम क्लीनर घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. ऑइल प्यायलेले होज फुगून मऊ पडतात, ते बदला, नाहीतर घाटात फुटतील. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडेच द्या.

गाडी परत लाइनला लागली की वही परत सुरू. सुरुवातीला एक-दोन दिवस पाणी थोडं खाली जाईल, ती आत अडकलेली हवा निघतेय. त्यानंतर लेव्हल जागेवर थांबली पाहिजे. हे नवीन ऑइल नेहमीच्या किलोमीटरपर्यंत ताणू नका, अर्ध्यातच बदला, आणि बदलताना ड्रेन बोल्टचे पहिले थेंब परत बाटलीत घेऊन बघा.